मॅनिफोल्ड दाब (टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन)

थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी हवेची झडप) आणि सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत सोडणाऱ्या झडपा) यांच्यामधल्या नळ्यांत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, असलेल्या हवेच्या दाबाला मॅनिफोल्ड दाब म्हणतात. इंजिन हवा ओढते असे आपण म्हणतो. खरे तर पिस्टन खाली जाताना जागा मोकळी करतो आणि बाहेरचा दाब हवा आत ढकलतो. टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंप, नसल्यामुळे आतला दाब सहसा बाहेरच्या दाबापर्यंतच चढू शकतो.

हा दाब मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. एमएपी सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर) पूर्ण निर्वातापासून वर मोजतो, किलोपास्कलमध्ये. व्हॅक्यूम गेज बाहेरच्या दाबापेक्षा आत किती कमी आहे ते सांगते, पाऱ्याच्या इंचांत. एक आकडा वाढला की दुसरा उतरतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१.३ किलोपास्कल धरला, तर गरम झालेल्या चांगल्या इंजिनाच्या आयडलिंगला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना) स्कॅनरवर, म्हणजे सेन्सरचा आकडा दाखवणाऱ्या उपकरणावर, साधारण ३४ दिसतात आणि गेजवर २० इंच. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की स्कॅनर शंभरीजवळ जातो, गेजचा काटा शून्याकडे येतो. उतारावर गिअरमध्येच पाय उचलला, तर थ्रॉटल बंद आणि पिस्टन वेगात, म्हणून दाब आयडलिंगपेक्षाही खाली जातो.

आयडलिंगला १७ ते २२ इंच हवेत, हा गॅरेजमधला पाठ समुद्रसपाटीचा आहे. तीच गाडी वाईहून पसरणी घाट चढून महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर नेली, की बाहेरचा दाबच ८६ किलोपास्कलच्या आसपास असतो. स्कॅनर तेच ३४ दाखवेल, पण गेज १५-१६ इंचांवर थांबेल. इंजिनात काहीही बिघडलेले नसते. पूर्ण थ्रॉटललाही आकडा ८६ च्या वर जात नाही. घाटमाथ्यावर गाडी मंद वाटते ती याचमुळे. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून नुसती चावी ‘ऑन’ करावी. स्कॅनरवर तेव्हा त्या गावाचा हवेचा दाब दिसला पाहिजे: मुंबईत सुमारे १०१, पुण्यात ९५. महाबळेश्वरला १०१ दिसले, तर संशय सेन्सरवर घ्यावा.

काटा किती इंचांवर आहे यापेक्षा तो कसा हलतो, हे जास्त बोलके असते. ठरावीक अंतराने एकच झटका बसत असेल, तर जळालेल्या व्हॉल्व्हची शंका येते. काटा स्थिर पण खाली असेल, तर इग्निशन (ठिणगी) किंवा व्हॉल्व्हचे टायमिंग मागे, म्हणजे उशिरा, असू शकते. २,५०० आरपीएमवर धरून ठेवल्यावर काटा हळूहळू घसरू लागला, तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. मॅनिफोल्डला हवा लीक असेल तर एमएपी सेन्सरच्या गाडीत दाब वाढतो, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) तेवढे पेट्रोल वाढवते आणि आयडलिंग चढते. हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत मात्र ही चोरटी हवा मोजलीच जात नाही आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते.

दाबावरून पेट्रोल ठरवण्याची कल्पना जुनी आहे. बॉशची डी-जेट्रॉनिक प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. नावातला ‘डी’ म्हणजे जर्मनमधला ‘द्रुक’, दाब.

याच निर्वातावर ब्रेक बूस्टरही (ब्रेक दाबायला जोर देणारा भाग) चालतो. डिझेल इंजिनात हवा अडवून शक्ती कमी-जास्त केली जात नाही, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये पुरेसा निर्वात तयार होत नाही आणि ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो.