‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ची पार्श्वभूमी: बेलव्हिल ते शिकागो

शिकागोच्या विल्को या बँडचा ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ हा अल्बम २३ एप्रिल २००२ रोजी बाजारात आला, तेव्हा त्याची ओळख मुख्यतः ‘कंपनीने नाकारलेला अल्बम’ अशीच करून दिली जात होती. ती हकीकत रंजक आहेच, पण अल्बमच्या घडणीची मुळे त्या नकाराच्याही बरीच मागे, इलिनॉयमधल्या बेलव्हिल या गावात सापडतात.

सेंट लुइसजवळच्या या गावात जे फरार, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न यांनी १९८७ मध्ये अंकल टुपेलो हा बँड काढला. पंक रॉकचा दणदणाट आणि कंट्री या अमेरिकी ग्रामीण शैलीतल्या जुन्या गाण्यांचा साधेपणा एकाच गाण्यात नांदू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या १९९० च्या पहिल्या अल्बमचे ‘नो डिप्रेशन’ हे नाव कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गायकसमूहाने मंदीच्या काळात, १९३६ मध्ये, ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावरून घेतलेले होते. पुढे तेच नाव एका नियतकालिकाने उचलले आणि अल्टरनेटिव्ह कंट्री या साऱ्या प्रवाहालाही ते चिकटले. फरार आणि ट्वीडी यांचे मात्र पटेनासे झाले व १९९४ मध्ये बँड मोडला. फरारने सन व्होल्ट उभा केला, तर ट्वीडीने उरलेल्या साथीदारांना घेऊन विल्को.

विल्कोचा ‘ए. एम.’ (१९९५) जुन्याच वाटेने गेला आणि समीक्षकांनी त्याच वर्षीच्या सन व्होल्टच्या अल्बमला अधिक दाद दिली. ही तुलना ट्वीडीला वाट बदलायला लावणारी ठरली, असे मला वाटते. ‘बीइंग देअर’ (१९९६) या दुहेरी अल्बमनंतर ‘समरटीथ’मध्ये (१९९९) बँडमधले वादक जे बेनेट यांच्या कीबोर्डचे थरावर थर चढले आणि कंट्रीचा धागा जवळजवळ दिसेनासा झाला.

‘यँकी’चे काम शिकागोतल्या ‘द लॉफ्ट’ या बँडच्या स्वतःच्या जागेत सुरू झाले. २००१ च्या सुरुवातीला ड्रमर केन कूमर यांच्या जागी ग्लेन कोची आले आणि ध्वनिमुद्रणांच्या मिश्रणाचे (मिक्सिंगचे) काम संगीतकार जिम ओ’रूर्क यांच्याकडे गेले. बेनेट भर घालत, तर ओ’रूर्क काढून टाकत. त्यामुळे कल्लोळाच्या मधोमध अचानक एखादी साधी गिटार आणि थकलेला आवाज उघडा पडतो. ‘जीझस, एटसेट्रा’ या गाण्यातले व्हायोलिन ऐकताना बेलव्हिल फार दूर राहिलेले नाही, हे जाणवते. अल्बम पूर्ण होताच बेनेट यांना बँडबाहेर जावे लागले.

शीर्षकही असेच गोंगाटातून आले. लघुलहरींवर गुप्त संदेशासाठी अक्षरे आणि आकडे वाचणाऱ्या अनामिक केंद्रांच्या ध्वनिमुद्रणांचा ‘द कॉनेट प्रोजेक्ट’ हा संग्रह ट्वीडीच्या हाती लागला होता. त्यातली एक स्त्री निर्विकारपणे ‘यँकी, हॉटेल, फॉक्सट्रॉट’ ही Y, H, F या अक्षरांची तीच तीन सांकेतिक नावे म्हणत राहते आणि ‘पुअर प्लेसेस’ या गाण्याच्या शेवटी तिचा आवाज खरखरीतून वर येतो. रेडिओ सिलोनसाठी सुई फिरवत बसलेल्यांना ती खरखर ओळखीची वाटेल.

दरम्यान एओएल ही इंटरनेट कंपनी आणि टाइम वॉर्नर हा माध्यमसमूह यांचे विलीनीकरण होऊन, विल्कोचे अल्बम काढणाऱ्या त्यांच्या रिप्राइज या रेकॉर्ड कंपनीत उलथापालथ झाली होती. तिथल्या नव्या अधिकाऱ्यांना अल्बम रुचला नाही आणि २००१ च्या उन्हाळ्यात त्यांनी तो नाकारला. हक्क परत मिळताच बँडने १८ सप्टेंबर २००१ पासून सगळी गाणी आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकायला ठेवली. नोव्हेंबरमध्ये नॉनसच या रेकॉर्ड कंपनीने बँडशी करार केला. गंमत अशी की, नॉनसचही त्याच समूहातली होती, म्हणजे एकाच घराने त्याच मालाचे पैसे दोनदा मोजले. मुखपृष्ठावर शिकागोचे मरिना सिटी हे जुळे मनोरे असलेला हा अल्बम, चाहत्यांनी महिनोन्‌महिने फुकट ऐकून झाल्यावरही, बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या अल्बम-विक्रीच्या यादीत थेट १३ व्या क्रमांकावर उतरला. त्याआधी विल्कोचा कुठलाच अल्बम इतका वर पोहोचला नव्हता.