मॅक पत्ता वेगळा, तरी आयपी एकच

परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमधून फोन आला. एकाच मॉडेलचे 20 कॉम्प्युटर, एकावर उबुंटू सर्व्हर 22.04 ही ऑपरेटिंग सिस्टीम नीट बसवली आणि त्याच डिस्कची नक्कल बाकी 19 वर उतरवली. एकच मशीन चालू असेल तर नेट उत्तम, दुसरं लावलं की पहिल्याचं तुटतं. केबल बदलून झाल्या, नवा स्विच घ्या असा सल्लाही मिळाला होता. रॅकला लिंबू-मिरची लटकत होती. जिथे आजार नेमका कुठे आहे ते कळतं, तिथे नजर उतरवण्यात वेळ घालवू नये, असं मी त्यांना स्पष्टच सांगितलं.

दोन मशीनवर आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कने मशीनला दिलेला पत्ता, पाहायला लावला. दोन्हीकडे तोच! सरांचा प्रश्न रास्त होता, ‘मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, तर प्रत्येक कार्डाचा वेगळा, मग आयपी एक कसा?’

बहुतेकांचा समज असाच असतो की डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कमध्ये आयपी वाटणारा, मॅक पाहूनच आयपी देतो. पण डीएचसीपीचे नियम सांगणाऱ्या 1997 च्या आरएफसी 2131 या दस्तऐवजाप्रमाणे मशीनने स्वतःची ‘क्लायंट ओळख’ पाठवली तर सर्व्हरने तीच धरायची. रेशन दुकानदार चेहरा नाही, कार्डाचा नंबर पाहतो, तसं. उबुंटू सर्व्हरमध्ये नेटवर्क सांभाळणारा सिस्टमडी-नेटवर्कडी ही ओळख दोन तुकडे जोडून बनवतो. पहिला तुकडा ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी फाइलवरून निघतो. तिच्यात 32 षोडशमान अंक, म्हणजे 128 बिट असतात. डिस्कची नक्कल केली की हे अंकही जसेच्या तसे उतरतात. दुसरा तुकडा निघतो नेटवर्क कार्डाच्या नावावरून. ईएनपी3एस0 असं हे नाव कार्ड कुठल्या पीसीआय बसवर (मदरबोर्डवर कार्ड जोडायच्या मार्गावर), कुठल्या स्लॉटमध्ये आहे त्यावरून पडतं. मशीन वेगवेगळ्या मॉडेलची असती तर निदान हा तुकडा वेगळा निघण्याची शक्यता होती. इथे सगळी एकाच साच्यातली, म्हणून तोही सारखाच. सर्व्हरच्या लेखी वीस मशीन नाहीतच, एकच मशीन वीसदा पत्ता मागतंय. तो दरवेळी त्याचाच आयपी परत देतो. मग राउटरच्या एआरपी तक्त्यात, म्हणजे कुठला आयपी कुठल्या मॅकचा याच्या नोंदीत, त्या आयपीसमोर कधी या कार्डाचा मॅक, कधी त्या कार्डाचा, आणि पॅकेट भलत्याच दारात जातात.

उपाय मूळ डिस्कवरच करायचा. डिस्कची नक्कल (इमेज) काढण्याआधी मशीन-आयडी फाइल रिकामी करावी, फाइल मात्र जागेवर राहू द्यावी. पहिल्यांदा सुरू होताना प्रत्येक मशीन आपले अंक स्वतः तयार करतं. डी-बसची (प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणाऱ्या सेवेची) मशीन-आयडी फाइल वेगळी असेल तर तीही काढावी, नाहीतर जुने अंक तिथून परत येतात. आधीच वाटून झालेल्या मशीनवर नेटप्लॅनमध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये, डीएचसीपी-आयडेंटिफायरला ‘मॅक’ लिहिलं की आयपी तेवढ्यापुरते वेगळे होतात.

लॅबमध्ये हे करून झालं आणि वीसही मशीनना वेगळे आयपी मिळाले. मग होस्टनेम (मशीनचं नाव) आणि एसएसएचच्या, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिनच्या, होस्ट किल्ल्या पाहिल्या. तेही वीस ठिकाणी एकच होतं, म्हणून प्रत्येक मशीनवर नवं बनवलं.