एपीए पूल लीगमध्ये टीम कशी घालायची, प्लेऑफसाठी पात्रता काय, आणि आपली माणसं नक्की कुठे अडकतात

अमेरिकेत येऊन वर्ष-दोन वर्षं झाली की ऑफिसजवळच्या बारमध्ये पूल खेळायला लागलेली आपली मंडळी कधीतरी विचारतातच, अरे ती मंगळवारी रात्री टीमची लीग चालते ना त्यात कसं घुसायचं? घुसणं सोपं आहे. अवघड आहे ते सेशनच्या शेवटी प्लेऑफला टीम कागदावर पात्र ठेवणं. गेली काही वर्षं मी कॅप्टन आहे आणि टेबलावर हरून बाहेर गेलेल्या टीमपेक्षा नावाच्या घोळामुळे, मॅचच्या संख्येमुळे नाहीतर खेळाडूंच्या लेव्हलच्या, म्हणजे कौशल्याच्या आकड्यांच्या, बेरजेमुळे हळहळत बसलेल्या टीम मी जास्त पाहिल्यात, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

एपीए म्हणजे अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन, १९७९ मध्ये टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन प्रो खेळाडूंनी सुरू केलेली हौशी खेळाडूंची संघटना. पूर्ण देशात एकच ऑफिस सगळं बघतं असं नसतं, प्रत्येक भागाला एक लीग ऑपरेटर असतो आणि राष्ट्रीय नियमांवर त्याचे स्वतःचे स्थानिक नियम असतात, त्यांना बायलॉज म्हणतात. म्हणजे डॅलसमधल्या मित्राने व्हॉट्सॲपवर सांगितलेली तारीख न्यू जर्सीत चालेलच असं नाही. निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात. आपल्या ऑपरेटरचे बायलॉज मागून घ्या आणि वाचा, फार पानं नसतात.

नोंदणीचं साधं सांगतो. ऑपरेटरशी बोलायचं किंवा आधीच्या एखाद्या टीममध्ये जागा असेल तर त्या कॅप्टनशी, मेंबरशिपचा फॉर्म भरायचा, वार्षिक फी भरायची, आणि दर आठवड्याला मॅचची टीम फी वेगळी असते ती विसरायची नाही. वयाची अट १८, पण बहुतेक मॅचेस बारमध्ये होतात आणि अनेक बार २१ च्या खाली आत घेत नाहीत, तेव्हा कॉलेजला आलेल्या भाच्याला टीममध्ये घ्यायचं असेल तर आधी बारला विचारा. एका टीमच्या यादीत जास्तीत जास्त ८ जण, एका रात्री खेळतात ५. वर्षात तीन सेशन, स्प्रिंग, समर आणि फॉल.

आता फॉर्मवरचं नाव. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये बऱ्याचदा स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते अख्खं किंवा अर्धं तुटून छापलेलं असतं, आणि फॉर्म भरताना मात्र माणूस ऑफिसमध्ये ज्या छोट्या नावाने ओळखतात ते टाकतो. आठवड्याच्या मॅचला कोणी काही विचारत नाही त्यामुळे दोन-तीन सेशन आरामात निघून जातात. वरच्या स्पर्धेला गेलं की फोटो आयडी बघतात आणि तिथे रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, एक नाव, कार्डावर दुसरं. आमच्या टीममधल्या एकाची ही गत झाली, तो बिचारा सकाळी सात वाजता दोन तास गाडी चालवून आलेला आणि तिथल्या टेबलवर अर्धा तास फोनाफोनी करत उभा होता. शेवटी सुटलं, पण त्याचा पहिला गेम त्या टेन्शनमध्येच गेला. फॉर्मवर लायसन्सवर आहे तसंच नाव टाका, अक्षर न् अक्षर. लायसन्स नसेल, म्हणजे नुकतेच आलेले लोक किंवा एच-४ वर, म्हणजे नोकरीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असून अजून गाडी न शिकलेल्या वहिनी, तर पासपोर्ट नेता येतो, पण मूळ पासपोर्ट. मोबाईलमधला फोटो दाखवून काम होईल या भरवशावर जाऊ नका.

दुसरा कागद म्हणजे खरं तर कागद नाही, मेंबर नंबर आहे. आधी कधीही, दुसऱ्या राज्यात, दहा वर्षांपूर्वी, दोनच आठवडे का होईना तुम्ही एपीए खेळला असाल तर तोच जुना नंबर आणि जुनी लेव्हल पुढे चालते. लोकांना वाटतं एवढं जुनं कोण बघतंय, नवीन म्हणून भरू. असं करू नका. हे नुसतं विसरणं मानलं जात नाही, लेव्हल लपवणं मानलं जातं, आणि सापडलं तर तुमच्याबरोबर त्या टीमचा निकाल पण जाऊ शकतो. नंबर आठवत नसेल तर ऑपरेटरला जुनं शहर आणि साधारण वर्ष सांगा, ते शोधून देतात. तसंच भारतात जिमखान्यात स्नूकर चांगलं खेळत होता, राज्य पातळीपर्यंत गेला होता तर तेही आधीच सांगून टाका. इथले लोक प्रामाणिकपणे सांगितलेल्याला खूप मान देतात.

लेव्हलचं म्हणजे स्किल लेव्हलचं समजून घेणं गरजेचं आहे कारण पुढचा सगळा खेळ त्याच्यावर. लीगमध्ये पूलचे दोन प्रकार खेळतात, ८ बॉल आणि ९ बॉल. ८ बॉलमध्ये लेव्हल २ ते ७, ९ बॉलमध्ये १ ते ९.  कोणी किती गेम जिंकायचे हे लेव्हलवर ठरतं, ७ वाला २ वाल्याशी खेळला तर त्याला ७ गेम लागतात आणि २ वाल्याला फक्त २. दोन ४ वाले भिडले तर ३-३. ९ बॉलमध्ये गेमऐवजी पॉइंट मोजतात, १ ते ८ बॉलचा प्रत्येकी १ आणि ९ चे २, त्यात १ लेव्हलच्या माणसाला १४ पॉइंट पुरतात आणि ९ लेव्हलवाल्याला ७५ लागतात.

आणि आता तो २३ चा नियम ज्याच्यात आपल्या टीम सगळ्यात जास्त फसतात. एका रात्री खेळणाऱ्या ५ जणांच्या लेव्हलची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. समजा सुरुवातीला पाच मित्र येतात, पाचही ४, बेरीज २०, सगळं छान. मग तुम्ही दर शनिवारी प्रॅक्टिस करता, सगळे एकसारखे सुधारता, तिघं ५ वर जातात, बेरीज झाली २३, अजूनही ठीक. आणि प्लेऑफच्या आधल्या आठवड्यात चौथा पण ५ वर जातो. २४. आता पाच जणांची टीम उतरवताच येत नाही. तेव्हा ज्यांची बेरीज १९ च्या वर जात नाही असे चारच जण खेळवायचे आणि पाचवी मॅच सोडून द्यायची एवढाच रस्ता उरतो, म्हणजे सुरुवातीलाच एक मॅच समोरच्याच्या खिशात. सगळे एका दर्जाचे मित्र घेऊन टीम केली की हे कधी ना कधी होणारच. म्हणून पहिल्या दिवसापासून यादीत सहा-सात-आठ जण ठेवा आणि त्यात दोन-तीन खरोखर नवीन शिकणारे असू द्या, कोणाची बायको, कोणाचा शेजारी, ज्याने आजवर क्यू हातात धरला नाही असा ऑफिसातला कोणी. त्यांना भरतीचे समजू नका, २ किंवा ३ वाला माणूस मोठ्या मॅचमध्ये टीम वाचवतो. ७, ६, ५, ३, २ ही बेरीज बरोबर २३ होते, आणि त्यातली ती २ वाली वहिनी दोन गेम जिंकली की मॅच तिची.

पात्रतेत दुसरा फास मॅचच्या संख्येचा. प्लेऑफला खेळायचं तर त्या सेशनमध्ये, त्याच टीमकडून, किमान ४ वेळा खेळलेलं असावं लागतं. हे वाक्य लोक तीन प्रकारे चुकीचं वाचतात. एक, मागच्या सेशनच्या मॅचेस धरतात. दोन, बुधवारच्या दुसऱ्या टीमकडून खेळलेल्या धरतात. तीन, आपण रोज येऊन बसलो, टाळ्या वाजवल्या, स्कोर लिहिला म्हणजे झालंच. आमच्याकडे एक जण डिसेंबरात पुण्याला जाऊन आला, परत आल्यावर बघतो तर तीनच मॅच, आणि एकाही ऑपरेटरला यात सूट देताना मी पाहिलेलं नाही. भारतवारी फॉल सेशनच्या शेवटीच येते हे आपल्याला दरवर्षी माहीत असतं, तर कॅप्टनने अशा माणसाला पहिल्या पाच-सहा आठवड्यांतच चार मॅच देऊन टाकाव्यात. समोरची टीम कमी आली म्हणून फुकट मिळालेली मॅच तुमच्या चारात धरायची का ते ऑपरेटरकडून लेखी विचारून घ्या, तोंडी नको, तोंडी उत्तर प्लेऑफच्या दिवशी कोणाला आठवत नाही. नवीन माणूस यादीत घालायची पण मुदत असते, ती सेशनच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत संपते, आणि ती तारीख तुमच्या भागाच्या बायलॉजमध्येच सापडेल.

आता स्कोरशीट, कारण इथे चूक झाली की न केलेल्या लबाडीचा डाग लागतो. स्कोरशीटवर इनिंगची (दोघांची एकेक पाळी मिळून एक इनिंग) खूण कधी मारायची हे बऱ्याच नवीन लोकांना चुकीचं शिकवलेलं असतं. सुरुवातीला लॅग होतो, म्हणजे पहिला कोण मारणार हे ठरवायचा शॉट, जो लॅग हरला त्याची पाळी संपली की एक इनिंग, दोघांच्या प्रत्येक पाळीला एकेक नाही. तसं मारलं तर इनिंग दुप्पट दिसतात, खेळाडू आहे त्याहून कच्चा दिसतो आणि समोरच्यांना वाटतं हे मुद्दाम लेव्हल खाली ठेवतायत. डिफेन्सिव्ह शॉटचं पण तसंच, ज्याने बॉल पॉट करायचा प्रयत्नच केला नाही त्याचा शॉट डिफेन्सिव्ह म्हणून नोंदवायचा, दोन्ही टीमने. समोरच्याने नोंदवला म्हणून रागावू नका, तो त्याचं काम करतोय. प्रत्येक गेमनंतर दोन्ही बाजूंनी आकडे जुळवून घ्या, मॅचच्या शेवटी जुळवायला गेलं की भांडणं होतात.

टेबलावरचे नियम आपल्याकडच्या पार्लरपेक्षा वेगळे आहेत, तिथे प्रत्येक दुकानाचे आपापले असायचे. इथे ८ बॉलमध्ये फ्लूक चालतो, पॉकेट सांगायचं नसतं, फक्त ८ साठी पॉकेटवर मार्कर ठेवावाच लागतो. बोटाने दाखवलं, मान हलवली, "तिकडे" म्हटलं, हे धरत नाहीत. बियरच्या ग्लासखालचा पुठ्ठा ठेवा, काहीही ठेवा पण ठेवा. ८ गेला आणि पाठोपाठ पांढरा पण गेला तर गेम गेला. फाऊल फक्त क्यू बॉलचा, म्हणजे पांढऱ्याचा, बाहीने दुसरा बॉल चुकून हलला तर समोरचा तो जागेवर ठेवेल, भांडायचं काही नाही. आणि समोरच्याने फाऊल केलाय असं वाटलं म्हणून लगेच पांढरा उचलू नका, "बॉल इन हँड?" (म्हणजे पांढरा हातात घेऊन हवा तिथे ठेवू का?) असं विचारून हो ऐकल्यावरच हात लावा, नाहीतर फाऊल तुमचा.

रेफरी नसतो हे लक्षात ठेवा. एखादा शॉट बारीक वाटत असेल, आधी कुठला बॉल लागेल अशी शंका असेल तर शॉट मारायच्या आधी थांबवून दोघांना चालेल असा तिसरा माणूस बघायला बोलवा. आधी नाही बोलवलं आणि मग ओरडला तर शंकेचा फायदा मारणाऱ्यालाच जातो.

कोचिंगचं आपल्या लोकांना फार जड जातं कारण आपल्याला सवय सगळ्यांनी एकदम सल्ला द्यायची. लेव्हल ३ पर्यंतच्या खेळाडूला एका गेममध्ये दोन टाइमआउट, ४ आणि वरच्याला एक, प्रत्येकी एक मिनिट, आणि बोलायचं एकाच कोचने. लांबून "टाइमआउट घेतोस का" एवढं विचारलं तरी तो धरला जातो. मराठीत हळूच "डावीकडून मार" म्हटलं तरी ते कोचिंगच आहे, आणि समोरच्याला भाषा कळली नाही तरी काहीतरी चाललंय हे कळतं, मग पूर्ण रात्र संशयात जाते. मॅच चालू असताना आपल्या टेबलाच्या आजूबाजूला मराठीत गप्पा कमी ठेवा, निदान शूटर वाकलेला असताना तरी गप्प रहा आणि त्याच्या नजरेच्या रेषेत पॉकेटमागे उभे राहू नका. मॅचच्या आधी आणि नंतर हात मिळवायचा, हरलात तरी.

स्थानिक पातळीवर जिंकून लास वेगासच्या वर्ल्ड पूल चॅम्पियनशिप्सला जाणं झालं तर तिथे लेव्हल जागेवर वाढवू शकतात, त्यामुळे बेरीज २३ ला चिकटलेली टीम घेऊन जाऊ नका, एखादा आकडा मोकळा ठेवा. आणि प्लेऑफच्या आधी पंधरा दिवस कॅप्टनने एपीएचं ॲप उघडून आठही नावांसमोर तीन गोष्टी बघाव्यात, मेंबरशिप चालू आहे का, या टीमकडून चार मॅच झाल्या का, नाव लायसन्सप्रमाणे आहे का. काही चुकलेलं दिसलं तर त्याच दिवशी ऑपरेटरला ईमेल करा, उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी फोन करा. स्पर्धेच्या सकाळी काहीच दुरुस्त होत नाही.