सुपारीएवढा भोपळा पिवळा का पडतो?

हॅलोविनच्या सजावटीची छायाचित्रं फिरू लागली की तळहातावर मावणारे चपटे नारिंगी भोपळे आपल्याही गच्चीवर हवेत असं अनेकांना वाटू लागतं. ‘जॅक बी लिटल’ ही त्यातली सर्वांत परिचित जात. फळ सात-आठ सेंमी रुंद, वजन साधारण 100 ग्रॅम. बिया रुजतात, वेल चढतो, पिवळीधमक फुलं येतात, सुपारीएवढा भोपळाही दिसतो. आणि चार दिवसांत तो पिवळा पडून गळतो. ‘कुणीतरी बोट दाखवलं, म्हणून कुजला’ हे यावरचं जुनं निदान. खरं तर बहुतेक वेळा कारण उलटं असतं, वेळेवर कुणी बोट लावलं नाही हे.

आधी ओळख. बाजारात फोडी करून मिळणारं डांगर बहुधा कुकुर्बिटा मोश्चाटा या प्रजातीचं. हा छोटा भोपळा कुकुर्बिटा पेपो, म्हणजे झुकिनीचा सख्खा भाऊ. पेपोला आपला दमट पावसाळा आणि एप्रिलचं ऊन दोन्ही सोसत नाहीत, म्हणून डांगराचं वेळापत्रक याला लावू नये. राज्याच्या बहुतेक भागांत मध्य ऑक्टोबर ते नोव्हेंबर ही पेरणीची चांगली वेळ. 40 लिटरच्या पिशवीत एकच रोप. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). बी अडीच सेंमी खोल. रोज किमान सहा तास ऊन, आणि वेल चढवायला सहा फुटी जाळी. फळ हलकं असल्यानं त्याला झोळी बांधावी लागत नाही.

वेलावर पहिले एक-दोन आठवडे फक्त नर फुलं येतात. यात बिघाड काही नाही. कोवळ्या कळीत सुरुवातीला पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्हींचे अंकुर असतात. पुढे एकाची वाढ थांबते. कोणाची, हे ठरवण्यात इथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा मोठा वाटा आहे. मेथिओनिन या अमिनो आम्लापासून दोन-तीन पायऱ्यांत वनस्पती ते बनवते. कळीत त्याचा प्रभाव जास्त असला तर पुंकेसर खुंटतात आणि मादी फूल होतं. जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा कल नराकडे. उष्ण हवा आणि मोठा दिवस नर फुलं वाढवतात, गार रात्री आणि लहान दिवस मादी फुलं. हिवाळ्याच्या तोंडावर पेरण्याचं आणखी एक कारण हे. नत्र जास्त झालं तर पानं माजतात आणि फुलं लांबतात. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) फवारलं की भोपळे लगडतात, हा सल्ला व्हिडिओंत बोकाळला आहे. मातीत मॅग्नेशियम कमी नसेल तर त्यानं काही साधत नाही.

आता सुपारीएवढ्या गोळ्याकडे. तो अजून फळ नाही. ती मादी फुलाखालची बीजांडकोशी आहे, आणि परागीभवन झालं नाही तरी ती दिसतेच. परागकण कुक्षीवर रुजतो, त्याची नलिका खाली उतरते, एका कणामागे एक बीजांड फळतं. फळलेली बीजांडं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक सोडू लागतात आणि त्या निरोपावर भोवतालच्या गराच्या पेशी वाढतात. निरोप आलाच नाही तर देठाशी विलगन थर (जिथून देठ सुटतो तो पेशींचा थर) तयार होऊन कोशी गळते. फेलिक्स गुस्ताफसन यांनी 1936 साली अमेरिकेत परागीभवन न करता ऑक्सिनसारखी रसायनं लावून टोमॅटोची बिनबियांची फळं वाढवून दाखवली. फळ वाढायला खरी गरज निरोपाची, हे त्यातून दिसलं. भोपळ्याच्या कोशीचे साधारण तीन भाग असतात. एका भागाला पराग कमी पोचले तर तेवढी बाजू खुरटते आणि भोपळा वाकडा होतो.

पराग जड, काटेरी, चिकट. वाऱ्यानं उडत नाही. त्यात पाणी भरपूर असतं आणि सुकला की तो मरतो; फूलही पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतं. सातेरी, फुलोरी किंवा आग्या माश्या दहाव्या मजल्यावर फिरकल्या नाहीत, तर काम आपलं. आदल्या संध्याकाळी पिवळसर झालेल्या, फुगलेल्या कळ्या हेरा. सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान बारीक देठाचं नर फूल खुडा, पाकळ्या सोला, मधला दांडा मादी फुलाच्या कुक्षीच्या प्रत्येक खंडावर हळूच घासा. शक्य तर एका मादीला दोन नर वापरा. नर-मादी एकाच दिवशी उमलायला हवेत, म्हणून दोन-तीन वेल असलेले बरे.

फळ धरल्यावर फळमाशी येते. पेरूएवढं व्हायच्या आत त्यावर कागदी पिशवी चढवा, क्यू ल्युअर या गंधाच्या आमिषाचा सापळा लावा. सापळ्यात फक्त नर माश्या अडकतात, तेव्हा पिशवी सोडू नका. पानांवर भुरी (पांढरी पिठासारखी बुरशी) दिसली की पहिली पानं काढून टाका. गंधक फवारायचं तर थंड सकाळी. उन्हाच्या तडाख्यात त्यानं पानं करपतात. दुपारी वेल मलूल दिसला आणि संध्याकाळी सावरला, तर पाणी वाढवू नका.

पेरणीपासून सुमारे 95 ते 100 दिवसांनी देठ वाळून खडबडीत होतो आणि नख सालीत रुतत नाही. तेव्हा पाच सेंमी देठ ठेवून कापा, आठ-दहा दिवस हवेशीर सावलीत ठेवा. फ्रिज नको, 10 अंशांखाली साल खचते आणि बुरशी शिरते.

शेजारी झुकिनी किंवा शोभेचे भोपळे असतील तर बी राखू नका. यंदाच्या फळाला संकराचा काही फरक पडत नाही, पण त्या बियांच्या पुढच्या वेलावर कडू फळ येऊ शकतं. चव कडू लागली की थुंकून टाका. तो कडूपणा क्युकर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवून जात नाही.