स्थानबद्ध जपानी-अमेरिकनांना भरपाई: पात्र कोण होते, कागद कोणते लागले

आधीच सांगून टाकतो: खालच्या दोन्ही कायद्यांखाली आज अर्ज करता येत नाही. पण आजी-आजोबांना काही मिळाले होते का, हे शोधणाऱ्यांना आणि भरपाईचे कायदे अभ्यासणाऱ्यांना ही प्रक्रिया ठाऊक असायला हवी.

दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई सुरू झाल्यावर, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या १९ फेब्रुवारी १९४२ च्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले. हाताने उचलता येईल तेवढेच सामान नेण्याची मुभा होती. दुकाने, शेतीची अवजारे, मोटारी मिळेल त्या भावाने विकल्या गेल्या, नाहीतर कुणाच्या तरी भरवशावर राहिल्या.

पहिला कायदा २ जुलै १९४८ चा. स्थलांतरामुळे स्थावर किंवा जंगम मालमत्तेचे नुकसान झालेल्याने अ‍ॅटर्नी जनरलकडे (न्याय खात्याच्या प्रमुखाकडे) दावा करायचा, मुदत १८ महिने. बुडालेली मजुरी, हातचा गेलेला नफा, मृत्यू, इजा, मनस्ताप यांतले काहीच धरले जात नसे. स्वखुशीने जपानला गेलेल्यांनाही दाव्याचा हक्क नव्हता.

खरी गोम कागदपत्रांत होती. आपल्याकडे पुरात घर गेले तर निदान तलाठी पंचनामा करतो. इथे घर सोडताना कुणी काही नोंदवलेच नव्हते, आणि आता मात्र वस्तूगणिक किंमत व पुरावा हवा होता. पावत्या मागे राहिलेल्या. आधार म्हणून जुनी प्राप्तिकर विवरणपत्रे मागवावीत, तर त्या वर्षांची बहुतेक विवरणपत्रे कर खात्याने नष्ट केलेली. एकेका दाव्याची चौकशी इतकी रेंगाळली की १९५१ मध्ये दुरुस्ती करून तडजोडीची वाट काढावी लागली: मान्य होण्याजोग्या रकमेचा तीन चतुर्थांश भाग किंवा २,५०० डॉलर, यांतले जे कमी असेल ते घ्या आणि दावा मिटवा. पैशाची निकड असलेल्यांनी ते घेतले. सुमारे २६,५०० दाव्यांत १४.८ कोटी डॉलर मागितले गेले, हाती पडले जेमतेम ३.७ कोटी. तेही १९४२ च्या किमतींनी, व्याजाशिवाय.

१० ऑगस्ट १९८८ च्या दुसऱ्या कायद्याने ही रीतच उलटवली. माणशी २०,००० डॉलर, करमुक्त, सोबत सरकारची माफी. अट अशी की स्थानबद्धतेच्या काळात ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा कायम रहिवासी असावी आणि कायदा झाला त्या दिवशी हयात असावी. आदल्या दिवशी वारलेल्याच्या घरी एक पैसाही गेला नाही. ही अट मला आजही क्रूर वाटते. त्यानंतर मृत्यू झाला असेल तर रक्कम आधी जोडीदाराला (लग्न मृत्यूपूर्वी किमान वर्षभर झालेले हवे), जोडीदार नसेल तर मुलांना, तीही नसतील तर आईवडिलांना.

अर्जाची सक्ती नव्हती. पात्र माणसे शोधायची ती न्याय खात्याने, सरकारी दप्तरावरून. लाभार्थ्याकडून ओळख, जन्मतारीख, पत्ता आणि नाव बदलले असल्यास त्याचा दाखला एवढेच घेतले जाई. छावणीची नोंद सरकारजवळच होती. १९९२ च्या दुरुस्तीने तर शंकेचा फायदा अर्जदारालाच मिळू लागला. वाटप वयाने मोठ्यांपासून सुरू झाले. ९ ऑक्टोबर १९९० च्या पहिल्या धनादेशांपैकी एक १०७ वर्षांच्या गृहस्थांना मिळाला. पुढे ८२,२१९ जणांना रक्कम मिळाली. मात्र ती स्वीकारली की स्थानबद्धतेबद्दलचे सरकारवरचे सगळे दावे संपत.

वंशजांना छावणीतल्या फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे मागता येतात. विचारणा करताना पूर्ण नाव, जन्मतारीख आणि छावणीचे नाव द्यावे. कुटुंब क्रमांक (स्थलांतराच्या वेळी कुटुंबाला दिलेला) माहीत असल्यास तोही कळवावा.