एमिली डिकिन्सन: चाळीस वह्या आणि त्यांच्यावरून झालेलं भांडण

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन १५ मे १८८६ रोजी वारली, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या अॅमहर्स्ट गावाला ती माहीत होती ती वकील एडवर्ड डिकिन्सन यांची पांढरा पोशाख घालणारी, घराबाहेर न पडणारी मुलगी म्हणून. हयातीत छापून आलेल्या कविता जेमतेम दहा, त्याही बिननावाच्या. तिच्या मागे धाकटी बहीण लॅव्हिनिया हिने एमिलीकडची पत्रं जाळून टाकली, कारण तसं सांगून ठेवलेलं होतं. मग हाती लागल्या दोऱ्याने शिवलेल्या कवितांच्या चाळीस वह्या. त्यांचं काय करायचं, याबद्दल एमिली काहीच बोलली नव्हती.

तिची म्हणून आज जी वाक्यं सर्वत्र फिरतात, ती या वह्यांमधून सरळ आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

एमिलीचा जन्म १० डिसेंबर १८३०चा. घर सुखवस्तू, धर्मनिष्ठ. १८४७ साली ती माउंट होल्योकच्या मुलींच्या शाळेत गेली. तिथे ख्रिस्तावरची श्रद्धा उघडपणे जाहीर करण्याचा आग्रह होता; तिने ती केली नाही आणि वर्षभरात घरी परतली. पुढे चर्चला जाणंही सोडलं. पण चर्चमधल्या स्तोत्रांची लय तिने सोडली नाही. मृत्यू, संशय, अमरत्व हे सगळं तिने त्याच लयीत मांडलं, आणि मधे मधे आडव्या रेघा टाकून ती लय अडवली. माझ्या मते तिची खरी ताकद या अडण्यात आहे.

एप्रिल १८६२मध्ये लेखक टॉमस हिगिन्सन यांचा नवोदितांना सल्ला देणारा लेख ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात आला. तो वाचून तिने त्यांना चार कविता पाठवल्या आणि विचारलं, ‘माझी कविता जिवंत आहे का, हे सांगायला आपल्याला सवड आहे का?’ हिगिन्सननी छापण्याची घाई करू नका असं सुचवलं. तिची कविता त्यांना पुरती उमगली नाही, हे खरं. पण १८७०च्या भेटीनंतर त्यांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रामुळेच तिचं सर्वांत गाजलेलं बोलणं टिकलं: वाचताना अंग असं गारठलं की कुठल्याच आगीने ऊब येऊ नये, डोक्याचा वरचा भाग उडून गेल्यासारखं वाटलं, तर ती कविता. त्यांचं हे ऋण मान्य करायलाच हवं.

वह्या लॅव्हिनियाने आधी वहिनी सुझनकडे दिल्या. सुझन एमिलीची जिवलग मैत्रीण, शेजारच्याच घरात राहणारी. एमिलीने तिला अडीचशेच्या वर कविता पाठवल्या होत्या. पण सुझनकडून छपाईच्या तयारीचं काम लवकर होईना, म्हणून लॅव्हिनिया मेबल लूमिस टॉड यांच्याकडे गेली. सुझनचा नवरा आणि एमिलीचा भाऊ ऑस्टिन यांचे मेबलशी प्रेमसंबंध होते आणि घरात ते ठाऊक होतं. पुढच्या सगळ्या कडवटपणाचं मूळ इथे आहे.

मेबल आणि हिगिन्सन यांनी केलेलं पहिलं पुस्तक १८९०मध्ये आलं आणि दोन वर्षांत त्याच्या अकरा आवृत्त्या निघाल्या. मात्र रेघा गेल्या, यमकं घासूनपुसून घेतली गेली, कवितांना मथळे चिकटले. मृत्यू सभ्य गृहस्थासारखा गाडी घेऊन न्यायला येतो, त्या कवितेला ‘रथ’ असं नाव दिलं आणि तिचं एक अख्खं कडवं गाळलं. त्या कडव्यात सूर्य त्या दोघांना मागे टाकून जातो आणि तिला थंडी वाजू लागते. ते काढल्यावर उरतो नुसता सुखाचा प्रवास. कवितेचा जीवच गेला.

ऑस्टिनच्या मृत्यूनंतर जमिनीच्या एका तुकड्यावरून लॅव्हिनिया आणि मेबल कोर्टात गेल्या. लॅव्हिनिया जिंकली, पण बरीच हस्तलिखितं मेबलकडे अडकून पडली. पुढे कित्येक वर्षं सुझनची मुलगी मार्था एकीकडून आणि मेबलची मुलगी मिलिसेंट दुसरीकडून, आपापल्या ताब्यातल्या कविता छापत राहिल्या. शेवटी एक वाटा १९५०मध्ये हार्वर्डकडे गेला, दुसरा १९५६मध्ये अॅमहर्स्ट कॉलेजकडे.

रेघा परत आल्या त्या संपादक टॉमस जॉन्सन यांच्या १९५५च्या आवृत्तीत. नंतर अभ्यासक राल्फ फ्रँकलिन यांनी सुटे झालेले कागद सुईची भोकं आणि डाग जुळवून पुन्हा वह्यांच्या क्रमाने लावले. १९९८च्या त्यांच्या आवृत्तीत १,७८९ कविता आहेत.