नायट्याचं सॅम्पल द्यायला येताय? मलम लावून येऊ नका

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या लॅबमध्ये नायटा तपासायला येणाऱ्यांशी पहिलं बोलणं होतं ते मलमावरून. चट्टा चकचकीत असतो. खरवडायला घेतलं की पात्याला कोरडा कोंडा न येता तेलकट लगदा लागतो. लोकलच्या गर्दीत घाम येऊन खाज सुटली म्हणून केमिस्टकडची ट्यूब चोळलेली असते. स्पिरिटने वरचं मलम पुसता येतं, पण आतवर मुरलेलं औषध राहतंच, आणि त्याने अर्धमेली झालेली नायट्याची बुरशी आमच्या वाढवायच्या प्लेटमध्ये उगवत नाही. चार आठवडे थांबवून ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट हातात द्यायचा, हे आम्हालाही जड जातं. नायटा तर जागच्या जागी असतो.

बुरशी उगवायला हवी, कारण तिचं जनुक वाचायचं असतं. टर्बिनाफिन हे नायट्यावरचं औषध बुरशीचं स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचं एन्झाइम बंद पाडतं. मग तिच्या पेशीच्या आवरणाला लागणारं अर्गोस्टेरॉल बनत नाही. पण या एन्झाइमच्या जनुकात बारीकसा बदल झाला, एन्झाइमच्या 397व्या जागी फिनाइलअॅलनिन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसिन आलं, की गोळ्या घेऊनही बुरशी तगून राहते. आपल्याकडे पसरलेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीत असे बदल वारंवार सापडतात. हे नाव तिला जपानी संशोधकांनी 2020 मध्ये दिलं. नुसत्या वाढीवरून ती भावंडांपासून वेगळी काढता येत नाही, डीएनएच वाचावा लागतो.

“दुसरीकडे दोन दिवसांत रिपोर्ट मिळतो,” असं बरेच जण म्हणतात. थेट कोंड्यावरून पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधायची तपासणी, केलं तर बुरशी आहे की नाही ते लवकर कळतं, हे खरं. पण त्यात मेलेल्या बुरशीचा डीएनएही धरला जातो. म्हणून आम्ही उगवलेल्या बुरशीवरूनच जनुक वाचतो, आणि तेही सरसकट नाही. औषध नीट घेऊनही नायटा हटत नसेल तरच सुचवतो. साध्या मायक्रोस्कोप तपासणीचा रिपोर्ट त्याच दिवशी देतो.

मलम किती दिवस आधी थांबवायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. पोटातल्या गोळ्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबने चट्ट्याची कड पुसट होते आणि आम्हाला तर कडच हवी असते, जिवंत बुरशी तिथेच जास्त मिळते. घरून कोंडा आणून देऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत तर नकोच. घोडबंदर रोड, कळवा, ऐरोली इथे आमचा माणूस काळ्या कागदाची घडी घेऊन घरी येतो आणि तुमच्यासमोर कड खरवडून नेतो. जांघेतलं सॅम्पल द्यायला अवघडल्यासारखं होत असेल, तर फोनवरच तसं सांगा.